खदानीत माणूस अडकला तर खरंच काढतात का?

वर्धाकाठची · मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर वणीकडचं, वर्धा नदीच्या काठावर. आमची साडेतीन एकर काळी जमीन कोळशात गेली आणि त्या बदल्यात धाकट्या भावाला नोकरी लागली. तेव्हा गावभर पेढे वाटले होते. सुरुवातीला तो वर, वर्कशॉपात होता. या दिवाळीनंतर त्याला अंडरग्राउंडला टाकलंय. त्याला काही वाटत नाही, उलट भत्ता वाढला म्हणून खूश आहे. आईचं मात्र अवघड झालंय. त्याची चार ते बाराची पाळी असली की रात्री एकला मोटरसायकलचा आवाज येईपर्यंत ती टक्क जागी. आणि फाटक वाजलं की घोरायचं सोंग घेते.

परवा फोनवर मला म्हणाली, "ते बोगद्यातले एकेचाळीस जण काढले होते नं टीव्हीवर, सतरा दिवसांनी. आपल्या इकडं असं झालं तर काढतील का वं?" मी म्हटलं, काढतात. पण मला खरंच ठाऊक नाही.

तर जाणकारांनी सांगा. माणूस आत किती वेळ तग धरतो? बाहेरचे नेमकं काय करतात? आपल्या भागात याची सोय आहे का? धीर देणारी उत्तरं नकोत, खरी द्या. धीर द्यायचं खातं माझ्याकडे आहे.

संत्राबर्फी · रात्री १०:३०

वाचतोय. आमच्या सावनेरकडेही अंडरग्राउंड आहे, पण घरातलं कुणी खाली जात नाही म्हणून कधी विचारच केला नव्हता.

पुण्याचा_भाचा · रात्री १०:४४

चिलीचं उदाहरण धीर देणारं आहे आणि खरंही. ५ ऑगस्ट २०१० ला आताकामा वाळवंटातल्या सान होसे या तांब्या-सोन्याच्या खाणीत ३३ जण अडकले, जवळजवळ ७०० मीटर खोल. पहिले सतरा दिवस ते जिवंत आहेत की नाहीत हेच वर कुणाला माहीत नव्हतं. खाणीचे नकाशे जुने, त्यामुळे वरून पाडलेली भोकं भलतीकडेच जात होती. २२ ऑगस्टला एक ड्रिल अखेर त्यांच्यापर्यंत पोचलं. ते वर ओढलं तर त्याला चिठ्ठी बांधलेली, आम्ही ३३ जण आसऱ्याच्या जागेत ठीक आहोत म्हणून. तोवर त्यांनी दर ४८ तासांनी माणशी दोन चमचे डबाबंद मासा आणि घोटभर दूध यावर काढले होते. पुढे रुंद भोक पाडून कॅप्सूलने त्यांना वर आणलं, १३ ऑक्टोबरला. एकूण ६९ दिवस. सगळे जिवंत. पाळीचा मुकादम सर्वांत शेवटी वर आला.

संत्राबर्फी · रात्री १०:५१

दोन दिवसांतून दोन चमचे? आमच्याकडे पंगतीत एवढं तर पानात डावीकडे वाढतात.

घुग्घुसचा_पोट्टा · रात्री ११:०२

चिली कुठं आन घुग्घुस कुठं राजेहो. इथं रस्त्यावरचा खड्डा बुजवाले ६९ दिवस पुरत नाई.

आन वर आल्यावर तरी काय मोठं सुख हाये? चंद्रपुराकडं दुर्गापूर, पद्मापूरच्या खदानीच्या अंगाले वाघ फिरते. खाली छताची भीती, वर वाघाची. मी म्हणतो खालीच बरा होता माणूस.

कोलफिल्डची_लेक · रात्री ११:२०

बाबा नोकरीत होते म्हणून बालपण कॉलनीत गेलं. चिलीला कशाला जाता? आपल्याकडे त्याच्या एकवीस वर्षं आधी झालंय हे. राणीगंजजवळची महावीर कोलियरी, म्हणजे कोळशाची खाण, १३ नोव्हेंबर १९८९. बाजूच्या जुन्या, खोदून सोडलेल्या आणि पाण्याने भरलेल्या कामातून पाणी घुसलं. ७१ जण अडकले. त्यातले सहा गेले, बाकीचे ६५ उंच भागात एका जागी जमून जिवंत राहिले. वरून भोक पाडलं, ते रुंद केलं, एका माणसापुरती लोखंडी कॅप्सूल घाईघाईत तिथेच बनवून घेतली आणि जसवंतसिंग गिल नावाचे इंजिनिअर स्वतः तीत उभे राहून खाली गेले. एकेक करून ६५ च्या ६५ वर. पुढे त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. सिनेमा आला तेव्हा कुठे लोकांना नाव कळलं. कॉलनीत आम्हाला ते लहानपणापासून पाठ होतं.

आणि कॅप्सूलची मूळ युक्ती जर्मन लोकांची. १९५५ साली दालबुश नावाच्या खाणीत तिघांना अशी काढली होती. मग १९६३ मध्ये लेंगेडेला अकरा जण, चौदा दिवसांनी.

जुना_सरदार · बुधवार, सकाळी ६:०५

ताई, मी सांगतो. १९८४ ले लोडर म्हणून लागलो, मग सरदारकीची परीक्षा दिली, ओव्हरमन होऊन २०१५ ले रिटायर झालो. (सरदार म्हणजे मायनिंग सरदार, खालच्या कामावरचा मुकादम. पगडी शोधू नका, मी आपला साधा टोपीवाला हाव.)

खरं सांगा म्हणता तर ऐका. अडकण्या-अडकण्यात फरक असते. छत पडून रस्ता बंद झाला आणि माणूस पलीकडं सुखरूप असला, तर तो निघते. वेळ लागते पण निघते. पाणी घुसलं तर कोण चढाकडं होतं आणि कोण उताराच्या टोकाले, यावर सगळं. आणि स्फोट झाला, आग लागली, तर तास मोजू नका, मिनिटं मोजा. तिथं धक्क्यानं कमी आणि मागून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडनं जास्त मरतात. त्याले ना वास, ना रंग. माणूस बसल्या जागी झोपल्यासारखा दिसते.

म्हणून कमरेले सेल्फ रेस्क्युअर असते, म्हणजे विषारी हवेत श्वास घेता यावा म्हणून तोंडात धराचं साधन. साधारण अर्ध्या तासाचा जीव. तोंडात धरला की आतली हवा गरम होते, घसा पोळते, आणि नवा माणूस घाबरून तो काढून फेकते. तिथंच घात होते. गरम होऊन राहिला म्हणजे काम करून राहिला. तुमच्या भावाले इतकंच विचारा, ट्रेनिंगमध्ये अंधारात, डोळे मिटून तो लावाले लावला होता का? नसंन लावला तर त्यानं स्वतः सराव करावा. लाजू नये.

सोय हाये. नागपूरले रेस्क्यू स्टेशन हाये, आणि प्रत्येक खदानीत काही कामगार बचावाचं ट्रेनिंग घेतलेले असतात. एरवी तेही आपल्यासारखेच पाळी करतात. पाच-सहा जणांची टीम, पाठीवर ऑक्सिजनचा सेट. सेट चार तासांचा म्हणतात, पण आतल्या उकाड्यात माणूस त्याच्या आधी थकते. आणि पहिली टीम आत जाण्याआधी जिथवर ताजी हवा हाये तिथं दुसरी टीम पूर्ण तयारीत बसवावी लागते. बाहेर गावातले लोक ओरडतात, "हे लोक बसून काय राहिले?" अरे बाबा, बसणं हेच त्याईचं काम हाये. आतल्या पाचाले काही झालं तर कोण जाईन?

बाकी माझ्यावर स्वतःवर आलेला प्रसंग दुपारी लिहितो. आता गाईचं दूध काढाचं हाये.

संत्राबर्फी · सकाळी ८:१५

काका, गाय आवरा आणि लवकर या.

तुरीच्या_शेंगा · सकाळी ९:४०

बसून राहण्याबद्दल सरदारकाका म्हणाले ते वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे (यवतमाळ जिल्हा, गाव सांगत नाही) खदान नाही, पण विहिरी आहेत. विहिरीतली मोटर बंद पडली म्हणून एक जण उतरला. खाली पोचला आणि हाक दिली तर ओ नाही. त्याला बघायला सख्खा भाऊ उतरला. तोही गप्प. तिसरा उतरायला लागला तेव्हा एका म्हाताऱ्या आजीने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सोडेच ना. शिव्या खाल्ल्या तिने, पण सोडलं नाही. तो तिसरा आज जिवंत आहे. विहिरीत उतरलेले दोघे गेले. पाणी जेमतेम गुडघाभर होतं.

तेव्हापासून आमच्याकडे आधी कंदील दोरीने सोडतात. विझला तर कुणी उतरत नाही. खदानीतही हेच करत असतील ना?

जुना_सरदार · सकाळी १०:३०

बाई, त्या आजीले माझा नमस्कार सांगा.

पण कंदिलाचं एक ध्यानात घ्या. कंदील विझला म्हणजे प्राणवायू कमी, एवढंच कळते. जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं नाई. विषारी गॅस थोडासा असला तरी कंदील मजेत जळते आणि माणूस मरते. उतरणाऱ्याच्या अंगाले दोर बांधा, वर चार माणसं ठेवा, आणि आधी भरपूर हवा खेळवा. आणि हवा खेळवासाठी विहिरीत पेट्रोलचं इंजिन उतरवू नका, तेच मारते.

कोळशाच्या खदानीत उघडा दिवा म्हणजे यमाले बोलावणं. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगी पुरे. आमच्याकडं खाली जाताना खिसे तपासत, माचीस-बिडी निघाली की घरी. जुन्या काळी जाळीचा सेफ्टी लॅम्प असे. ज्योतीवर निळी टोपी दिसली की समजाचं, गॅस हाये. आता मीटर हाये. पण ती निळी टोपी ज्यानं पाह्यली तो विसरत नाई.

शुद्धलेखन_पोलीस · सकाळी ११:००

विषय गंभीर आहे, तरी राहवत नाही. मराठीत खाण म्हणतात. खदान हा हिंदी शब्द.

घुग्घुसचा_पोट्टा · सकाळी ११:०४

आमच्या इकडं खाण म्हणजे काय खाऊन राहिला ते.

झाडीपट्टीतला · दुपारी १२:१०

तुमसरकडचा आहे. आमच्या चिखल्याला मँगनीजची भूमिगत खाण आहे, तिकडे बालाघाटला भरवेली, ती तर आशियातली सगळ्यात खोल मँगनीज खाण म्हणतात. आम्ही पण खदानच म्हणतो, पोलीससाहेब.

आमच्याकडे कोळशासारखा मिथेन नाही, त्यामुळे स्फोटाची ती भीती नाही. दगड टणक. माल काढला की रिकाम्या जागेत वाळू भरतात आणि तिच्यावर उभं राहून वरचा थर काढतात. पण टणक दगड म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि वरून सुटलेला तुकडा निर्धास्त माणसालाच शोधतो. आमच्याकडे वर्तमानपत्रात येणारे अपघात मोठे नसतात. एक माणूस, एक दगड. पन्नास जण अडकले तर देश बघतो, एकाचा पाय गेला तर तालुक्याच्या पानावर चार ओळी.

जुना_सरदार · दुपारी २:५०

झाडीपट्टीवाल्या भाऊ, लाख बोललात.

आता माझं ऐका. साल १९९१, एप्रिल. खदानीचं नाव सांगत नाई. पिलर काढाचं काम चालू होतं. म्हणजे आधी कोळशाचे खांब सोडून पुढं जाचं, आणि परत येताना तेच खांब काढत मागं सराचं, मागचं छत बसू द्याचं. सगळ्यात धोक्याचं काम. तेव्हा सपोर्टले लाकडी बल्ल्या असत. लाकूड बोलते. दाब आला की आधी कुरकुर, मग तटतट. पळाले वेळ देते. लोखंड असं काही सांगत नाई.

त्या दिवशी मी काठीनं छत ठोकून पाहून राहिलो होतो. चांगलं छत 'ठण' वाजते. पोकळ झालं की 'ढब'. माझ्या डोक्यावर 'ठण' होतं. पंधरा हात मागं, आमच्या येण्याच्या वाटेवर, बल्ल्या तटतट बोलल्या आणि पडलं. आवाजापेक्षा हवेचा धक्का मोठा. आम्ही चौघं, सगळे पालथे. धूळ इतकी का स्वतःच्या टोपीवरचा लॅम्प दिसेना.

धूळ बसाले किती वेळ गेला, सांगता येत नाई. मग मी पहिलं काम काय केलं? मुठीत कोळशाची बारीक भुकटी घेतली आणि हळूच सोडली. ती सरळ खाली नाई पडली, जराशी उजवीकडं वाहिली. म्हणजे ढिगाऱ्यातून कुठून तरी हवा येऊन राहिली होती. तिथंच अर्धा जीव परत आला. मग तीन लॅम्प बंद, एकच चालू. एक जण सारखा उठून ढिगारा उपसाले जाई, त्याले हात धरून बसवला. छत अजून बसत असते, आणि धावपळ केली की हवा जास्त लागते.

खाली पाण्याचा पाइप होता. दगडानं ठोकलं, पाच ठोके, थांबाचं, परत पाच. दोन-अडीच तासांनी तिकडून पाच ठोके आले. राजेहो, माझ्या लग्नातला बँडही इतका गोड नाई वाजला.

त्याईनं ढिगारा सरळ उपसला नाई. सरळ उपसला की वरून आणखी येते. बाजूनं, खांबाच्या कडेकडेनं, लाकडाची चौकट बसवत एका माणसाच्या सरपटण्याइतकी वाट केली. हातभर पुढं, चौकट, परत हातभर. अकरा तास. बाहेर आल्यावर मॅनेजरसाहेबानं चहा दिला. माझ्या हातात कप टिकेना. चार वेळा सांडला.

त्यातला एक जण पुन्हा कधीच खाली गेला नाई. नोकरी सोडून पानठेला टाकला. त्याले कुणी नावं ठेवली नाई.

वर्धाकाठची · दुपारी ३:३५

काका, दोनदा वाचलं. हात थरथरत होता माझा. भावाला पाठवू का नको असं झालंय.

एक विचारू? तुमच्यापर्यंत ते पोचले कारण तुम्ही कुठे आहात हे त्यांना माहीत होतं?

पुण्याचा_भाचा · दुपारी ३:५०

जबरदस्त अनुभव. पण आता तंत्रज्ञान किती पुढे गेलंय. उत्तरकाशीच्या सिलक्याराला काय यंत्रं होती!

कोलफिल्डची_लेक · दुपारी ४:१०

यंत्रं होती, आणि मोडली. १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाचा दिवस. बोगदा मध्येच ढासळला, ४१ जण आत. ढिगारा साठेक मीटरचा. त्यातून अमेरिकन ऑगर यंत्राने मोठा पाइप घुसवत होते, त्याची पाती आत अडकून तुटली. शेवटचे दहा-बारा मीटर कुणी खोदले? रॅट होल मायनर्सनी, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद वाटेत खणणाऱ्यांनी, हातांनी, पाइपात बसून. जी पद्धत धोक्याची म्हणून मेघालयात २०१४ पासून बंदी आहे, तीच माणसं शेवटी कामाला आली. २८ नोव्हेंबरला ४१ च्या ४१ बाहेर.

आणि तो बोगदा होता, खाण नव्हे. आतल्यांना चालाफिरायला दोन किलोमीटर जागा होती, वीज होती, एक पाइप शाबूत होता. त्यातून आधी मुरमुरे-फुटाणे, मग नवव्या दिवशी नव्याने घुसवलेल्या रुंद पाइपातून बाटल्यांत भरून खिचडी. पाइप वाचला म्हणून माणसं वाचली असं माझं मत.

संत्राबर्फी · दुपारी ४:१८

बाटलीतून खिचडी! सोबत कढी नव्हती का?

घुग्घुसचा_पोट्टा · दुपारी ४:२०

कढीले वेगळा पाइप लागते.

वकील_वणीवाले · सायं. ५:३०

थोडं कायद्याचं. भूमिगत खाणीला किमान दोन स्वतंत्र वाटा हव्यात, हा नियम जगभर कुठून आला? इंग्लंडमधल्या हार्टली कोलियरीतून. १६ जानेवारी १८६२ ला पंपाच्या इंजिनाची अजस्र लोखंडी तुळई तुटून शाफ्टमध्ये, म्हणजे खाली-वर जायच्या उभ्या विवरात, कोसळली. वर यायला तेवढा एकच शाफ्ट होता, तो बुजला. एकूण २०४ माणसं आणि पोरं गेली, बहुतेक आत गुदमरून. त्याच वर्षी दोन शाफ्टचा कायदा झाला. दुसरा नियम आपल्याकडचा: जवळपास जुनं, पाण्याने भरलेलं काम असेल तर ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, आणि गेलात तर पुढे भोकं पाडून अंदाज घेत जायचं. त्या नियमाच्या प्रत्येक कलमामागे मेलेली माणसं आहेत. धनबादजवळच्या चासनाल्यात २७ डिसेंबर १९७५ ला असंच पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. तिथे वाचवायला कुणी उरलंच नाही.

कागदावर नियम उत्तम आहेत. बाकी मी वकील आहे, पुढचं तुम्ही समजा.

सातपुड्याकडचा · सायं. ६:१५

आमचं घर परासियाला, बोली मराठी-हिंदी मिसळलेली, सांभाळून घ्या. न्यूटन चिखलीच्या खदानीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी आलं होतं, साठाहून जास्त माणसं गेली. आमच्या आजीच्या माहेरच्या गल्लीत एका रात्रीत किती चुली विझल्या ते ती बोटं मोजून सांगायची. मोजताना एका घरावर नेहमी अडखळायची, कारण त्या घरचा माणूस त्या दिवशी पाळीला गेला होता की नाही हेच आधी दोन दिवस कुणाला कळलं नव्हतं.

जुना_सरदार · रात्री ८:०५

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या सातपुड्याच्या भावानं दिलं. हो, त्याईले माहीत होतं. माहीत होतं कारण मी पाळीच्या सुरुवातीले कोण कुठं ते लिहून दिलं होतं.

लोक कॅप्सूल पाहतात, यंत्र पाहतात. मी म्हणतो पहिले दोन कागद पाहा. खाली कोण कोण हाये, आणि ते कुठं हाये. यादी आणि नकाशा. मेघालयात २०१८ च्या डिसेंबरात त्या रॅट होल खदानीत पाणी घुसलं तेव्हा आत किती माणसं हाये हेच आधी धड सांगता येत नव्हतं. ना नोंद, ना नकाशा. नौदलाचे पाणबुडे आले, मोठे पंप आले. पण जाचं कुठं?

आता आमच्याकडची गंमत ऐका, गंमत म्हणाले जीभ धजत नाई. २००३-०४ ची गोष्ट. छोटा फॉल झाला, म्हणजे छत पडलं, सगळे पळून वर आले. मोजले तर यादीत एक जास्त. चौदा गेले, तेरा आले. रेस्क्यूवाले आत. अर्धवट लटकलेल्या छताखाली पाच माणसं पाच तास एकाले शोधून राहिली. आणि तो पठ्ठ्या कुठं? पांढरकवड्याले साळ्याच्या लग्नात. त्याच्या मित्रानं त्याची हाजरी लावली होती आणि भीतीनं तोंड उघडलं नाई. पाच तासानं रडत रडत कबूल झाला. त्या दिवशी मी जिंदगीत पहिल्यांदा माणसाच्या थोबाडीत मारली. अजूनही त्याचा पस्तावा नाई.

तंत्रज्ञ_उमरेड · रात्री ८:४०

सरदारकाकांचा आदर राखून थोडी असहमती. आता हजेरी बायोमेट्रिक आहे, असली लबाडी चालत नाही. जानेवारी २००६ ला अमेरिकेत सागो खाणीत १२ जण गेले. त्यात सगळ्यात वाईट म्हणजे 'बारा जिवंत सापडले' असा चुकीचा निरोप बाहेर गेला, घरच्यांनी जवळपास तीन तास जल्लोष केला आणि मग खरं कळलं. त्यानंतर तिथे कायदा करून आतल्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा आणि संपर्काची साधनं सक्तीची केली. आपल्याकडेही ते सगळीकडे यायला हवं. बिल्ल्यावर आणि वहीवर किती दिवस चालवायचं?

जुना_सरदार · रात्री ९:०२

यावं की, मी कुठं नाई म्हणतो? पण भाऊ, बायोमेट्रिक अंगठा हाजरीच्या खोलीत लागते. अंगठा लावून माणूस खाली गेला का कँटीनमध्ये झोपला, हे मशीन सांगत नाई. बिल्ला सांगते.

ताई, तुमच्या आईले हे समजावून सांगा. लॅम्प रूमच्या खिडकीवर माणूस आपल्या नंबरचा बिल्ला देते आणि लॅम्प घेते. बिल्ला त्याच नंबरच्या खिळ्यावर टांगला जाते. वर आला की लॅम्प जमा, बिल्ला परत. पाळी सुटली आणि खिळ्यावर बिल्ला दिसून राहिला, म्हणजे तो माणूस खाली हाये. लॅम्प रूमचा बाबू ओरडते, शोधाशोध तिथून सुरू होते. दोन रुपयाचा पत्रा, पण एकतीस वर्षं मी त्याच्या भरवशावर खाली गेलो.

तंत्रज्ञ_उमरेड · रात्री ९:१०

हे मान्य. दोन्ही हवं.

शुद्धलेखन_पोलीस · रात्री ९:१५

काका, 'हाजरी' नव्हे, हजेरी.

जुना_सरदार · रात्री ९:१६

लावली तुमची पण हाजरी.

वर्धाकाठची · शनिवार, रात्री ९:५०

मंडळी, दोन दिवस माहेरी होते म्हणून गायब. सगळं वाचून दाखवलं आईला, विहिरीचं आणि चासनाल्याचं वगळून. भावाला मात्र सगळंच दाखवलं. सेल्फ रेस्क्युअरचं विचारलं तर म्हणाला, ट्रेनिंगमध्ये एकदाच लावला होता, गरम लागल्यावर मी पण काढला होता. सरांनी शिव्या घातल्या होत्या. आता मित्राला घेऊन सराव करतो म्हणालाय.

आईने बिल्ल्याचं तीनदा विचारलं. किती मोठा असतो, कशाचा, नंबर कुठे कोरलेला. भावाचा नंबर तिने कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलाय. मग तिनेच त्याला सांगितलं, वर आलास आणि बिल्ला हातात पडला की मला एक मिस्ड कॉल दे. उचलणार नाही, पैसे नको जायला.

कोलफिल्डची_लेक · रात्री १०:०१

आमची आई भोंग्यावर असायची. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कणीक मळायला घ्यायची. भोंगा अवेळी वाजला की सगळ्या कॉलनीतल्या बाया दारात. कुणी काही बोलत नसे.

संत्राबर्फी · रात्री १०:०५

मग आता काकू झोपतात का?

वर्धाकाठची · रात्री १०:२०

काल चार ते बाराची पाळी होती, मी तिथेच होते. बारा वाजून दहा मिनिटांनी मिस्ड कॉल आला. तिने फोन उशाखाली ठेवला, मी म्हटलं, झोप आता. म्हणाली, "झोपतो नं. पण अजून रस्ता बाकी हाये, कोळशाचे ट्रक असतेत." एकला फाटक वाजलं आणि ती घोरायला लागली.

घुग्घुसचा_पोट्टा · रात्री १०:२६

ट्रकचं काकूचं बराबर हाये. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.